हवा किती मारू?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील तिसऱ्या व्याख्यानाचा संपादित मजकूर. वक्ते आपल्या संस्थेचेच सभासद असून त्यांनी बसगाड्यांच्या देखभाल विभागात एकतीस वर्षे नोकरी केली आहे. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



या व्याख्यानमालेत पहिलं व्याख्यान मृत्युपत्रावर झालं, दुसरं मधुमेहावर. त्यामानानं माझा विषय हलका आहे, म्हणजे अक्षरशः हवेचा आहे. सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, “काका, टायरमधल्या हवेवर तासभर काय बोलणार?” मी म्हटलं, तुम्ही फक्त चहा वेळेवर पाठवा.

आपली सोसायटी झाली तेव्हा खाली पार्किंगमध्ये स्कूटर जास्त आणि मोटारी मोजक्या होत्या. आज पार्किंगवरून आपल्या किती सर्वसाधारण सभा गाजल्या ते मी सांगायला नको. गाडी कुठे लावायची यावर आपण रात्री अकरापर्यंत भांडलो आहोत. पण ती गाडी ज्या चार चाकांवर उभी असते त्यांत हवा किती हवी, हे विचारलं तर पंचाईत होते. पेट्रोल पंपावर पोऱ्या विचारतो, “साहेब, किती मारू?” आणि आपण काय म्हणतो? “नेहमीची मार.” किंवा उलट त्यालाच विचारतो, “किती मारतोस?” तो म्हणतो, “पस्तीस मारतो सगळ्यांना.” की झालं समाधान. त्याच्याकडे ट्रक येतो, रिक्षा येते, तुमची छोटी गाडी येते. सगळ्यांना पस्तीस कसं चालेल?

आकडा पंपावरच्या पोराला ठाऊक नसतो, आणि माझ्यासारख्या जुन्या माणसालाही तुमची गाडी बघितल्याशिवाय ठाऊक नसतो. तो तुमच्या गाडीवरच लिहिलेला आहे. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दार जिथे येऊन बसतं त्या खांबावर, खालच्या बाजूला, एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. तिथेही नसला तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात आकडा आहे. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पाकिटात असतं, आणि बऱ्याच घरांत ते पाकीट अजून फोडलेलं नसतं.

स्टिकरवर पुढच्या चाकांचा आकडा वेगळा आणि मागच्या चाकांचा वेगळा असू शकतो. शिवाय कित्येकदा दोन रकाने असतात, एक दोन-तीन माणसं बसल्यावरचा आणि दुसरा गाडी माणसांनी, सामानानं भरल्यावरचा. एककाचा गोंधळ करून घेऊ नका. पीएसआय म्हणजे पौंड प्रति चौरस इंच. कुठे बार लिहिलेलं असतं, कुठे किलोपास्कल. ३३ पीएसआय, २.३ बार आणि २३० किलोपास्कल हे जवळजवळ एकच आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्या ३० ते ३६ पीएसआयच्या आसपास बसतात, पण म्हणून मधला आकडा धरून चालू नका. स्टिकर बघा.

आता एक शंका हमखास येते. “काका, टायरवरच लिहिलंय की, मॅक्झिमम ४४. मग तेवढी मारली तर?” टायरवरचा तो आकडा टायर बनवणाऱ्यानं दिलेला असतो. हा टायर जास्तीत जास्त किती दाब सोसेल, एवढंच तो सांगतो. तोच टायर पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना लागतो. त्या बिचाऱ्याला काय माहीत तो कोणत्या गाडीखाली जाणार आहे? गाडीचं वजन, ते पुढे किती नि मागे किती, ब्रेक कसे, स्प्रिंगा कशा, हे गाडी बनवणाऱ्याला माहीत असतं, म्हणून आकडा त्याचा घ्यायचा. टायरवरचं लिखाण वाचायचंच असेल तर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असं काहीतरी दिसेल. त्यातला ८८ म्हणजे योग्य दाबाला एक चाक ५६० किलो पेलू शकतं, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. ‘योग्य दाबाला’ हे शब्द विसरू नका. हवा कमी झाली की ती ५६० किलोची हमी राहत नाही.

कारण गाडी उचलून धरते ती हवा. रबर म्हणजे नुसती पिशवी आहे. हिशेब सोपा आहे. एका चाकावर समजा ३०० किलो भार आला. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार केला की १३० चौरस सेंटिमीटर येतात. आपलं पोस्टकार्ड असतं ना, १४ बाय ९ सेंटिमीटरचं, बरोबर तेवढी जागा. तुमची अख्खी गाडी, आत बसलेली नातवंडं, सगळी रस्त्याला धरून असतात ती चार पोस्टकार्डांनी. ब्रेक लागतो तोही त्याच चार पोस्टकार्डांवर. हवा फार भरली की पोस्टकार्ड आक्रसतं, टायर मधोमध झिजतो, गाडी टणटण उडते, आणि खड्ड्यात आपटली की बाजूच्या भिंतीतले धागे तुटून फुगा येतो. तो फुगा दिसला की टायर बदलायचाच, त्यावर इलाज नाही. हवा कमी असली तर पोस्टकार्ड पसरतं, टायर दोन्ही कडांना झिजतो, स्टिअरिंग जड लागतं, पेट्रोलही जास्त जातं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे की चारही चाकांत सरासरी एक पीएसआय कमी असेल तर इंधन ०.२ टक्क्यानं जास्त लागतं. फार नाही, खरं सांगायचं तर. पेट्रोल वाचवण्यासाठी मी तुम्हाला इथे बसवलेलं नाही.

मला बोलायचंय ते तापण्याविषयी. दर उन्हाळ्यात मोबाइलवर एक मेसेज फिरतो, तुम्हालाही आला असेल. ऊन कडक आहे, काँक्रीटचा रस्ता तापतो, टायरमधली हवा फुगते आणि टायर फुटतो, म्हणून लांबच्या प्रवासाला चार-पाच पॉइंट हवा कमी ठेवा. ऐकायला अगदी पटतं. आणि नेमकं उलटं आहे.

हवा तापली की दाब वाढतो, हे खरं. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सहा अंश तापमान वाढलं की एक पीएसआय वाढतो. सकाळी ३० अंशांना ३३ भरून निघालात आणि हायवेवर आतली हवा ६० अंशांपर्यंत गेली, तर गेज ३८ दाखवेल. ही वाढ गाडी बनवणाऱ्यानं आधीच हिशेबात धरलेली असते. म्हणून तर स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना, किंवा उभ्या गाडीला फार तर दीड-दोन किलोमीटर चालवल्यावर. आता तुम्ही गरम टायरमध्ये ३८ बघून घाबरलात आणि ३३ वर आणलंत, तर रात्री गाडी थंड झाल्यावर आत उरतात २८ च्या आसपास. दुसऱ्या दिवशी तुम्ही कमी हवेवर निघता आणि तुम्हाला वाटतं, आपण काळजी घेतली.

आणि टायर मुळात तापतो कशानं? उन्हानं थोडा, पण जास्त तापतो तो दुमडण्यानं. एखादी तार हातात घेऊन मागे-पुढे वाकवत राहा, वाकते तिथे ती गरम होते आणि शेवटी तुटते. चाक फिरताना टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात एकदा दबते, एकदा सरळ होते. ताशी १०० च्या वेगाला हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा होतं. हवा पुरेशी असली तर भिंत थोडीच दबते. हवा कमी असली तर जास्त दुमडते, जास्त तापते, आत रबर आणि धागे एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एका क्षणी पट्टा सोलून निघतो, मोठा आवाज होतो आणि आपण म्हणतो, उन्हानं टायर फुटला.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फोर्ड कंपनीची एक्स्प्लोरर नावाची उंच गाडी होती, तिला फायरस्टोन कंपनीचे टायर असत. नव्वदच्या दशकात या टायरचे पट्टे वेगात सुटायला लागले, गाड्या उलटायला लागल्या, त्यातही टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत जास्त. शेवटी ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. तिथल्या रस्ते-सुरक्षा यंत्रणेनं या टायरशी जोडलेले २७१ मृत्यू नोंदवले. आता वाद काय झाला बघा. फोर्डनं स्टिकरवर २६ पीएसआय छापले होते, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवेत. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. पुढे सरकारी चौकशीत टायरच्या रचनेतही दोष निघाला, म्हणजे सगळं खापर हवेवर फोडता येत नाही. पण मुळात २६ पासून सुरुवात केली आणि महिन्याला एखाद पीएसआय झिरपून गेली, की हातात काय उरतं? वाहनांत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा बसवण्याची सक्ती तिकडे या प्रकरणानंतरच्या कायद्यातून आली.

ही यंत्रणा आता आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत येते. डॅशबोर्डवर उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागतो. चांगलीच सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या नियमात दाब २५ टक्के घसरला की दिवा लागला पाहिजे असं आहे. म्हणजे ३३ ची हवा २५ वर आली तेव्हा. दिवा लागला म्हणजे फार उशीर झाला असं नाही, पण दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असंही नाही.

आता आपल्या पार्किंगकडे येतो. गेल्या दोन रविवारी सकाळी साडेसहाला, ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या गाड्यांची हवा मी आणि आपला वॉचमन अशा दोघांनी तपासली. नावं सांगणार नाही. पण एका गाडीचे आकडे, त्या गृहस्थांच्याच सांगण्यावरून, सांगतो. ३४, ३१, ३३ आणि मागचं डावं २१. बाहेरून चारही चाकं सारखी दिसत होती. रेडियल टायर खाली जरा फुगलेलाच असतो, त्यामुळे नुसतं बघून किंवा लाथ मारून काही कळत नाही. मागच्या डाव्या चाकात एक छोटा खिळा होता. ट्यूबलेस टायर खिळा धरून ठेवतो, हवा हळूहळू जाते, आठवडेच्या आठवडे. ही गाडी गणपतीला पाच माणसं, मखर, आणि डिकीत तांदळाच्या पोत्यासकट कोकणात जायची होती. चौघं मोठी, एक लहान, वर सामान, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घरात वजन, त्यातलं बरंचसं मागच्या चाकांवर. २१ पीएसआयवर. चाकावर भार नेहमीपेक्षा जास्त आणि पेलणारी हवा नेहमीच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी. पहाटे चारला निघून पेण-माणगाव करत, सकाळचं ऊन चढेपर्यंत ते चाक नुसतं दुमडत राहिलं असतं. पंक्चर काढायला लागली वीस मिनिटं.

अशा गाड्या आपल्याकडे बऱ्याच आहेत. आपली सोसायटी आता पंचवीस वर्षांची, आपण साठ-सत्तरीचे. मुलं बाहेरगावी, गाडी कव्हर घालून उभी. महिन्यातून एकदा इंजिन सुरू करतो, बॅटरी उतरू नये म्हणून. टायरकडे कोण बघतो? काहीही न होता टायरमधून महिन्याला साधारण एक पीएसआय हवा जाते. सहा महिने उभी राहिलेली गाडी सहा-सात पीएसआय कमीवर असते. आणि ती बाहेर निघते कधी? मुलगा सुट्टीवर आला, चला शिर्डी, चला नाशिक. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण झाला. म्हणजे आपल्या ठाण्यातून निघालं की थोड्या वेळात ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता समोर, मोटारींना १२० ची परवानगी. जी गाडी सहा महिने हललेली नाही तिला आपण थेट १२० वर नेतो. त्या गाडीचा टायर गुळगुळीत झालेला नसतो, नक्षी नव्यासारखी असते, त्यानं आपण फसतो. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१७ असेल तर तो २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. पाच वर्षांपुढच्या टायरला दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावं, भिंतीला भेगा दिसल्या तर बदलावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये, हा नियमच आहे.

पावसाचंही सांगतो. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना वेगात टायर पाण्यावर तरंगायला लागतो. नासाच्या संशोधकांनी विमानाच्या चाकांसाठी याचं एक सूत्र काढलं, ते हवेच्या दाबावर आहे. मोटारीला ते तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाज येतो. ३३ पीएसआयला ताशी ९५ च्या आसपास चाक तरंगू लागेल, २२ ला ७८ च्या आसपास. एक्स्प्रेस-वेवर जुलै महिन्यात ७८ म्हणजे आपण हळूच चालवतोय असं वाटतं.

मग करायचं काय? स्वतःचं गेज घ्या. काही शे रुपयांत मिळतं. पंपावरची हवा मोफत असते, पण तिथलं मशिन दिवसभर आपटलं जातं, आकडा खरा असेलच असं नाही. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, सकाळी, गाडी हलवण्याआधी, खाली पार्किंगमध्ये मोजा. समजा घरी थंड टायरमध्ये २९ निघाले आणि हवेत ३३. म्हणजे ४ कमी. तुम्ही पंपावर पोचेपर्यंत टायर गरम होतो, तिथलं मशिन ३१ दाखवतं. तेव्हा ३३ करून परत येऊ नका. त्याला म्हणा, दाखवतंय त्याच्यावर ४ मार, म्हणजे ३५. मशिन चुकीचं असलं तरी फरक बहुतेक बरोबर बसतो. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघा. वॉल्व्हचं टोपण लावायला विसरू नका, धूळ आत गेली की वॉल्व्ह गळतो. आणि स्टेपनी! तिला कोणी विचारत नाही, आणि लागते ती रात्री घाटात. स्टेपनी नेहमीच्या चाकापेक्षा बारीक असेल तर तिच्यावर बहुतेक ६० पीएसआय लिहिलेलं असतं. ते बरोबर आहे, घाबरून कमी करू नका.

एवढं करूनही टायर फुटलाच, तर ब्रेक दाबू नका. पाय आपोआप ब्रेककडे जातो, तिथेच गाडी फिरते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग आपोआप उतरू द्या, मग डावीकडे घ्या. हे आपल्या गाडी चालवणाऱ्या मुलांना, सुनांना, जावयांना जरूर सांगा.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यांतील काही येथे दिली आहेत.)

नायट्रोजन भरावा का?

भरलात तर बिघडत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तो आपण फुकट भरतोच. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकानं वर्षभर टायर ठेवून पाहिले, साध्या हवेचे ३.५ पीएसआय गेले, नायट्रोजनचे २.२. म्हणजे नायट्रोजनवाल्यालाही गेज लावावंच लागतं. त्या पैशात गेज येतं.

आमच्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलंय. आकडा तोच ठेवायचा का?

सिलिंडरचं वजन साठ-सत्तर किलो धरा, म्हणजे एक माणूस कायमचा डिकीत बसलेला. मागच्या चाकांना भरलेल्या गाडीचा रकाना धरा. कंपनीनंच सीएनजी दिली असेल तर स्टिकर त्याप्रमाणेच असतो.

इलेक्ट्रिक गाडीला?

बॅटरीमुळे ती जड असते, त्यामुळे आकडा बहुधा जास्त असतो. पण दुसऱ्याच्या इलेक्ट्रिकचा घेऊ नका, आपल्या दाराच्या खांबावरचाच घ्या.

काका, तुम्ही दर रविवारी तपासून द्याल का?

देतो की. कार्यकारिणीनं रौप्यमहोत्सवी निधीतून एक गेज आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा एक छोटा पंप घ्यायचं मान्य केलंय. दोन्ही वॉचमनच्या केबिनमध्ये राहतील, वहीत सही करून न्यायचं आणि आणून ठेवायचं. मी रविवारी साडेसहा ते साडेसात खाली असतो. फक्त ज्यांना स्टेपनी तपासायची आहे त्यांनी ती आधीच बाहेर काढून ठेवावी, मला आता डिकीत वाकता येत नाही.